घरांतील मोडकीं यंत्रें आणि मुलांचे हात

सुशिक्षित म्हणविणाऱ्या आपल्या कुटुंबांतून खंडेनवमीच्या दिवशीं एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. घरांतील पेचकस, पक्कड, हातोडी, असल्यास शिवणाचें यंत्र आणि अलीकडे दारांतली मोटार, यांस हळदकुंकू व फूल वाहून गृहस्थ भक्तिभावानें हात जोडतात. आणि दुसरा दिवस उजाडला, कीं तीं हत्यारें ज्या डब्यांतून निघालीं त्याच डब्यांत परत जातात, तीं थेट पुढच्या नवमीपर्यंत! मधल्या काळांत भिंतीवरचें घड्याळ थांबलें तर नवें आणावयाचें, इस्त्री तापेनाशी झाली तर ती भंगारवाल्याच्या तराजूंत टाकावयाची, आणि घरांतल्या दहा वर्षांच्या मुलानें त्या इस्त्रीचा एखादा पेंच ढिला करून पाहिला तर 'हात लावूं नकोस, बिघडेल' म्हणून त्याच्यावर ओरडावयाचें. जी वस्तु बिघडलेलीच आहे ती आणखी बिघडणार म्हणजे काय होणार, हा प्रश्न त्या मुलाच्या मनांत खात्रीनें येत असेल. परंतु वडील माणसांस तो विचारण्याची सोय आपल्या घरांतून अजून फारशी झालेली नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही या मुलाची बाजू मांडणार आहों. मुलाची म्हणतांना मुलीचीही, हें सांगावयास नकोच. कारण ज्या घरांतून आज नववीपासून मुलांस नागपूरच्या शिकवणीवर्गांत पाठवितात, आणि पुढें अभियंता होण्याकरितां लाखों रुपये मोजतात, त्याच घरांतील मुलगा पदवी हातीं घेईपर्यंत स्वतःच्या खोलींतील पंख्याचें झांकण उघडून पाहत नाहीं. लेखणीस मान आणि हत्यारास वर्षांतून एकदां हळदकुंकू, ही आपली जुनी वाटणी आहे. ती आतां महागांत पडूं लागली आहे.

आम्ही राहतों तें मौदा हें गांव नागपूर-भंडारा रस्त्यावर, कन्हान नदीच्या कांठीं, नागपूरपासून तीसपस्तीस किलोमीटरांवर आहे. एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्रामुळें या गांवाचें नांव आतां दूरवर ठाऊक झालें आहे. ५०० मेगावॅटचे दोन व ६६० मेगावॅटचे दोन असे तेथें चार संच असून केंद्राची एकंदर शक्ति २,३२० मेगावॅट आहे. त्याच्या उंच चिमण्या येथील मुलें जन्मापासून पाहत आलेलीं आहेत. परंतु त्या चिमणीचा आणि उशाशीं ठेविलेल्या फोनच्या चार्जरचा संबंध काय, हें विचारल्यास दहांतील नऊ मुलें 'तिथून वीज येते' एवढें सांगून गप्प बसतील. त्यांच्या वडिलांस विचारावें, तर तेही फार पुढें जातील असें नाहीं.

हा संबंध पुस्तकांतून सांगण्यापेक्षां माळ्यावरच्या अडगळींतून सांगणें सोपें आहे. पूर्वी सेलांवर चालणाऱ्या रेडिओस भिंतींतील वीज देण्याकरितां एलिमिनेटर नांवाचा एक ठोकळा मिळत असे. तो हातांत घेतला तर दगडासारखा जड लागतो, आणि प्लगांत बसवून जवळ कान नेला तर मंद गुणगुणतो. वीजकेंद्रांतील जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदाला ५०. आपल्या घरांतील विजेची दिशा सेकंदांत ५० वेळां पालटून पुन्हां पूर्ववत् होते ती याच फेऱ्यांमुळें. प्रत्येक फेऱ्यांत एलिमिनेटरच्या पोटांतील लोखंडी पट्ट्यांचें चुंबकत्व दोनदां वाढतें व दोनदां ओसरतें, त्या पट्ट्या तितक्या वेळां सूक्ष्मपणें आकसतात-प्रसरतात, आणि सेकंदाला १०० कंपनांचा तो गुणगुणाट निघतो. डिसेंबर २०१३ च्या शेवटच्या दिवशीं दक्षिणेकडील विजेचें जाळें उरलेल्या देशाच्या जाळ्याशीं जोडलें गेलें. तेव्हांपासून या जाळ्यावरचीं सर्व मोठीं जनित्रें एकाच तालांत फिरतात. तेव्हां माळ्यावरचा तो ठोकळा कानाशीं धरणारी मुलगी कन्हानकांठच्या चाकाचा ताल ऐकत असते, असें म्हटल्यास त्यांत अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां फोनचा चार्जर घ्या. काम तेंच, २३० व्होल्टांचे ५ व्होल्ट करण्याचें. परंतु वजन सुपारीएवढें. हें कसें जमलें? चार्जर भिंतींतील वीज आधीं एका दिशेची करून घेतो, मग तिचे सेकंदाला हजारों तुकडे करतो आणि ते तुकडे रोहित्रांतून नेतो. आवर्तनें जितकीं जलद, तितकें रोहित्र लहान चालतें. म्हणून पूर्वीच्या मुठीएवढ्या लोखंडाचें काम आतां नखाएवढ्या गाभ्यावर भागतें. जुना एलिमिनेटर व बंद पडलेला चार्जर हे दोन्ही उघडून शेजारीं शेजारीं ठेविले, तर अर्धशतकाची प्रगति जेवणाच्या ताटांत मावते. मात्र चार्जर उघडण्याचें काम वडील माणसानेंच करावें. त्यांतील कंडेन्सरांत सुमारें ३२५ व्होल्टांचा भार सांठतो, आणि तो प्लग काढल्यावरही कांहीं वेळ राहूं शकतो. एक दिवस तसाच पडूं देऊन मगच त्यास हात लावावा.

लहान मुलांनीं आरंभ करण्यास आमच्या मतें भिंतीवरच्या घड्याळासारखी वस्तु नाहीं. दीड व्होल्टाचा एक सेल, धक्क्याची भीति नाहीं, आणि आंत पाहण्यासारखें पुष्कळ. आमच्या घरीं इयत्ता सातवींत शिकणाऱ्या पुतणीनें असें एक थांबलेलें घड्याळ उतरविलें, तेव्हां आजींनीं तिला हटकलें, "अगं, तें तुझ्या आजोबांच्या वेळचं आहे!" त्यावर ती म्हणाली, "आजी, ते थांबलंच आहे ना? मी नाही थांबवलं." या उत्तरावर आजींस कांहीं सुचलें नाहीं, आणि आम्हीं मध्यें पडण्याचें टाळलें.

मागची काळी पेटी उघडल्यावर प्रथम दिसतात तीं पांढरीं दांतेरी चाकें. मुलें चाकांवर खूष होतात. परंतु खरी मौज चाकांच्या बाजूला असते. गव्हाच्या दाण्याएवढी एक धातूची नळी तेथें असते. तिच्या आंत स्फटिकाचा एक सूक्ष्म चिमटा आहे, आणि विजेच्या स्पर्शानें तो सेकंदाला ३२,७६८ वेळां थरथरतो. हाच आंकडा कां? पुतणीला आम्हीं कागद-पेन्सिल दिली व या संख्येस दोहोंनीं भागीत जाण्यास सांगितलें. १६,३८४; ८,१९२; ४,०९६; अशी ती भागीत गेली, आणि पंधराव्या भागाकारास नेमका १ उरला. शेजारच्या काळ्या ठिपक्याखालीं दडलेलें मंडल हेंच काम करीत असतें: पंधरा वेळां निम्मे करून सेकंदाला एक ठोका. त्या ठोक्यासरशीं केसाहून बारीक तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज खेळते, चिमुकलें चुंबकाचें चाक अर्धा फेरा घेतें; पुढच्या ठोक्यास वीज उलट दिशेनें जाते आणि चाक उरलेला अर्धा फेरा पुरा करतें. आपण 'टिक्‌' म्हणतों तो हा अर्धा फेरा. भागाकाराचें उदाहरण घरांतील भिंतीवर अहोरात्र सुटत असतें, हें त्या मुलीस त्या दिवशीं समजलें. गणिताच्या तासाला तें कोणी सांगितलें नव्हतें.

बिघाड अगदींच क्षुल्लक होता. जुना सेल पाझरून त्याचा क्षार पत्र्याच्या जिभेवर चढला होता. पॉलिशपेपरनें तो घांसून काढला, नवा सेल घातला, आणि चाकें परत बसविण्यांत दोन संध्याकाळ गेल्या. पहिल्या खेपेस एक चाक उलटें बसलें व मिनिटकांटा हलेना. दुसऱ्या खेपेस कांटे एकमेकांत अडकूं लागले. तिसऱ्या खेपेस घड्याळ चाललें.

घड्याळानंतर हात वळतो तो डाख देण्याकडे, आणि येथें आपल्या जुन्या स्वयंपाकघराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पितळेच्या भांड्यांस कल्हई करणारा कारागीर दारीं येत असे, तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस डाखाचें शास्त्र निराळें शिकवावें लागत नाहीं. तो आधीं भांडें तापवी, मग नवसागराची चिमूट टाकी, पांढरा धूर निघे, आणि त्यानंतर कथील बोळ्यानें फिरवितांच चांदीसारखें पसरे. नवसागराचें काम काय? धातूवर चढलेला गंजाचा पापुद्रा काढून टाकणें. तो राहिला तर कथील थेंबाथेंबानें घरंगळतें, चिकटत नाहीं. डाखाच्या तारेच्या पोटांत नवसागराऐवजीं राळ भरलेली असते एवढाच फरक. साठ भाग कथील व चाळीस भाग शिसें यांचा डाख सुमारें १९० अंशांस पूर्ण वितळतो. नवशिका हटकून काय करतो, तर तापलेल्या टोंकावर डाख वितळवितो आणि तो थेंब थंड जोडावर ठेवतो. वरून जोड झालेला दिसतो, पण आंत पकड नसते. कल्हईवाला भांडें तापवी, कथील नव्हे. तोच नियम येथें: जोड तापवावा, डाख आपोआप धांवून येतो. शिसें विषारी असल्यानें काम झाल्यावर हात साबणानें धुवावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि त्या मेजावर खाऊ घेऊन बसूं नये. शिशाशिवायचा डाखही बाजारांत मिळतो. त्यास उष्णता थोडी अधिक लागते.

ही हौस आपल्याकडे नवी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. मुंबईस १८६७ सालीं जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांनीं चौदाव्या वर्षीं घरच्या घरीं कोळशापासून वायु काढण्याचें उपकरण तयार केलें. त्यांस या विषयाचें शाळेंतील शिक्षण नव्हतें. न्यूयॉर्कहून निघणारें 'सायंटिफिक अमेरिकन' हें नियतकालिक हाच आपला गुरु, असें ते सांगत. पुढें ते लंडनला गेले, दादाभाई नौरोजींनीं त्यांच्यासाठीं खटपट केली, आणि छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रामुळें त्यांचें नांव झालें. १९३५ सालीं ते न्यूयॉर्कला वारले. आज मराठी घरांतून हें नांव किती जणांस ठाऊक आहे, हा प्रश्न आम्ही वाचकांवरच सोंपवितों.

दुसरें उदाहरण १९४२ च्या ऑगस्टमधलें. महायुद्ध सुरू होतांच सरकारनें हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द केले होते. असें असतां मुंबईंत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनीं भूमिगत काँग्रेस रेडिओ चालविला. पोलिसांनीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तो पकडीपर्यंत जागा बदलून बदलून त्याचा आवाज निघत होता. उषाबाईंच्या धैर्याची कथा पाठ्यपुस्तकांतून येते. परंतु तें प्रक्षेपक यंत्र कोणीं तरी हातानें जुळविलेलें होतें. तें काम नरीमन प्रिंटर या यंत्रज्ञाचें होतें. आणि पोलिसांच्या हातीं सांपडल्यावर ठिकाण फुटलें तेंही त्याच्याचकडून. हस्तकौशल्य असलें म्हणजे मनाचा कणखरपणा असतोच असें नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे.

नागपूरचें आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजीं सुरू झालें. अशा मध्यलहरींच्या केंद्राच्या आसपास सेल किंवा वीज यांवांचून चालणारा रेडिओ करतां येतो, हें ऐकून आजचीं मुलें विश्वास ठेवीत नाहींत. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक लहानसा स्फटिक, कानांत धरण्याचा ध्वनिग्राहक, गच्चीवर ताणलेली एक लांब तार व जमिनींत पुरलेली दुसरी, एवढेंच साहित्य. ऐकूं येणारा आवाज सर्वस्वीं केंद्राकडून आलेल्या लहरींच्याच बळावर निघतो. शिशाच्या धातुकाचा स्फटिक लहरी ओळखूं शकतो, याचें अमेरिकन पेटंट जगदीशचंद्र बोस यांस १९०४ सालीं मिळालें होतें. आज त्याच्या जागीं जर्मेनियमचा डायोड वापरतात. जेथें मध्यलहरींचें प्रक्षेपण जवळपास चालू असेल, तेथें हा प्रयोग सुटींत अवश्य करावा.

त्याच नागपुरांतून 'उद्यम' नांवाचें मासिक निघत असे, आणि घरच्या घरीं करतां येण्याजोग्या उद्योगांची माहिती मध्यमवर्गीय घरांत पोंचवीत असे. ती परंपरा पुढें निराळ्या रूपानें पुणें जिल्ह्यांतील पाबळ येथें दिसली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं मोठ्या कंपनींतील नोकरी सोडून १९८३ सालीं तेथें विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेलीं खेड्यांतील मुलें तेथें वेल्डिंग, सुतारकाम, विजेचीं कामें करतां करतां शिकलीं. आणि अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेच्या सहकार्यानें २००२ सालीं तेथें 'फॅब लॅब' निघाली, ती त्या देशाबाहेरच्या पहिल्या कांहींपैकीं एक होती. शहरांतील मोठ्या महाविद्यालयांच्या आधीं असली प्रयोगशाळा एका खेड्यांत निघावी, हें आम्हांस फार बोलकें वाटतें.

आतां धोक्याविषयीं, आणि येथें आम्ही मुळींच सौम्य शब्द वापरणार नाहीं. विदर्भांत पारा ४५ अंशांवर गेला, कीं घरोघरीं कूलर बाहेर निघतात. पत्र्याची पेटी, तळाशीं पाणी, पाण्यांत पंप, आणि त्या पंपाची वर्षभर उन्हापावसांत सुकलेली वायर; याहून वाईट संयोग कोणास जुळवावयास सांगितला तरी जुळणार नाहीं. वायरीचें आवरण फुटलें आणि जमिनीची तार जोडलेली नसली, तर सारी पेटी जिवंत होते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून पाणी भरणारें माणूस तिला चिकटतें. असे मृत्यु आपल्याकडे उन्हाळ्यांत होतात. एका चिमुकल्या एलईडी दिव्यास २० मिलिअँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या तीनचार पट प्रवाह एकदोन सेकंद छातींतून गेला, तरी हृदय थांबूं शकतें. म्हणूनच ३० मिलिअँपिअरची गळती होतांच वीज तोडणारी कळ मिळते. ती ज्या घरांत नाहीं, त्या घरांनीं दिवाळीची खरेदी थोडी मागें ठेवून ती आधीं बसवावी. कूलरचा प्लग काढल्यावांचून पेटीस वा पाण्यास हात लावूं नये. हा नियम लेखी नको, हाताच्या संवयींत पाहिजे. आणि जें मूल यंत्रें उघडून पाहतें, त्यालाच जमिनीच्या तारेचें महत्त्व खरेखुरें पटतें. अज्ञानानें धोका टळत नाहीं, तो फक्त दिसेनासा होतो.

कांहीं वस्तु मुलांनीं उघडूंच नयेत. मायक्रोवेव्ह भट्टींतील कंडेन्सर बंद असतांही जीव घेऊं शकतो. कांचेच्या नळीच्या जुन्या दूरदर्शन संचांत वीसपंचवीस हजार व्होल्टांचा दाब असतो. फोनची बॅटरी टोंचली किंवा वांकविली तर भडका उडतो. इन्व्हर्टर, आणि प्लगांत असलेली कोणतीही वस्तु, यांचेंही तेंच. उलट बॅटरी, रिमोट, खेळणीं, घड्याळें, सेलांवरचा रेडिओ हीं मुलांचीं हक्काचीं आहेत.

दुसरी अडचण अलीकडची आहे. पूर्वीच्या रेडिओच्या पाठीला चार पेंच असत. कांहीं संचांच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस मंडलाचा नकाशाही चिकटविलेला असे. आतांचे फोन डिंकानें चिकटवितात, आणि कांहींवर पांच पाकळ्यांचे असे पेंच बसवितात, कीं घरच्या पेचकसानें ते फिरूंच नयेत. वस्तु आपल्या पैशाची, पण तिच्या आंत पाहण्याचा अधिकार दुसऱ्याचा, अशी ही रीत आहे. सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काकरितां एक संकेतस्थळ सुरू केलें, आणि टाकाऊ विद्युत् वस्तूंविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले. हें सर्व योग्यच आहे. तथापि ज्या समाजास उघडण्याची इच्छाच उरली नाहीं, त्यास उघडण्याचा हक्क मिळून काय होणार?

आमच्या बाजारांत पंखे, मिक्सर व कूलर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. शिक्षण दहावीपर्यंत, पण मीटरचीं दोन टोंकें लावून मोटारीचें कोणतें वेटोळें जळालें हें ते आपण विचारण्यापूर्वीं सांगतात. आमच्या पुतणीस रविवारीं तासभर तुमच्या दुकानांत बसूं द्याल काय, असें विचारतां ते म्हणाले, "पाठवा ना जी. पन मोबाईल घरी ठेवून याले सांगा." हें एका स्नेह्यांच्या कानीं गेलें, तेव्हां त्यांनीं हंसून विचारलें, "पोरीला काय मेकॅनिक करणार?" प्रश्न थट्टेचा होता, परंतु त्या थट्टेच्या तळाशीं काय आहे, हें त्यांस व आम्हांस, दोघांसही ठाऊक होतें. ज्याच्या हाताखालीं आपली मुलगी तासभर बसलेली आपणांस खपत नाहीं, त्याच्याच हातच्या दुरुस्तीवर आपण उन्हाळा काढतों. गायन शिकावयास मुलीला वस्तादांच्या घरीं पाठविण्यांत आपल्या वडिलांच्या पिढीनेंही पुष्कळ कुरकुर केली होती.

ती सहा रविवार गेली. मे महिन्यांत आमच्या मधल्या खोलींतील पंखा मंदावला. हातानें ढकलल्यावांचून तो फिरेचना. एरवीं आम्हीं नवा पंखा आणला असता. पुतणीनें आधीं मुख्य कळ बंद करावयास लाविली, स्टूलावर तिच्या वडिलांस चढविलें, आणि वरच्या वाटींतील कंडेन्सर काढून आणविला. पंख्याच्या मोटारींत दोन वेटोळीं असतात. दोहोंत वीज एकाच क्षणीं गेली तर चाकास कोणत्या बाजूस फिरावें हेंच कळत नाहीं. कंडेन्सर एका वेटोळ्यांतील वीज दुसरीच्या थोडी पुढें करतो, आणि त्यामुळें फिरण्यास दिशा मिळते. वर्षानुवर्षें उष्णता खाऊन तो अशक्त होतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड असें छापलेलें होतें. दुकानांतून आणलेल्या मीटरवर तो १.४ दाखवूं लागला. नवा कंडेन्सर शंभर रुपयांच्या आंत मिळाला, आणि दुपारीं पंखा पूर्वीसारखा फिरूं लागला. जुना तिनें फेंकूं दिला नाहीं. त्यावर चिकटपट्टी लावून '१.४' असा आंकडा व तारीख घालून तो तिनें खंडेनवमीच्या त्याच डब्यांत ठेविला आहे.